माग म्हणजे शिलाई मशीन नव्हे

आपल्या जिल्ह्यातील एका गावच्या कमिटीने गरजू स्त्रियांसाठी वीस हातमाग घेण्याचे ठरविले आहे. जागा मिळाली आहे, काही देणगी जमा झाली आहे, काही रक्कम सरकारी योजनेतून येईल अशी आशा आहे. कमिटीतील तरुण मंडळी हौशी आणि प्रामाणिक आहेत. कापडाच्या धंद्यात पस्तीस वर्षे घातलेला माणूस म्हणून त्यांनी माझे मत विचारले. तोंडी दिलेले मत बैठकीपर्यंत पोहोचेतो त्याचे वेगळेच काही होते. शिवाय असाच विचार इतर गावांतही चालू असल्याचे कानावर आहे. म्हणून व्यापाराच्या या पानावर सविस्तर लिहीत आहे.

माझे मत थोडक्यात असे : वीस माग घेऊ नयेत. हातमाग वाईट आहे म्हणून नव्हे. कमिटी ज्या हिशेबाने माग घेत आहे तो हिशेब मागाचा नाहीच, तो शिलाई मशीनचा किंवा स्वेटरच्या सुयांचा आहे, म्हणून.

गोंधळाचे मूळ आपल्या भाषेत आहे. मराठीत कापड विणतात, स्वेटर विणतात, बाज विणतात, टोपली विणतात आणि मासे पकडण्याचे जाळेही विणतात. माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. तिथेही ‘बुनना’ हा एकच शब्द या सगळ्याला पुरतो. त्यामुळे कमिटीच्या अर्जात ‘स्त्रियांना विणकामाचे प्रशिक्षण व साधने’ असे लिहिले, की लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ओट्यावर बसून सुया चालविणारी बाई येते आणि खरेदी मात्र हातमागाची होते. कस्टमवाल्यांचे आणि जीएसटीचे कोष्टक याबाबतीत आपल्यापेक्षा शहाणे आहे. त्यात ६१ व्या प्रकरणात सुयांवर विणलेले कपडे येतात आणि ६२ व्या प्रकरणात मागावरच्या कापडाचे. म्हणजे टी-शर्ट ६१ मध्ये आणि सदरा ६२ मध्ये. दोन्ही सुती, दोन्ही अंगात घालण्याचे, पण धंदे दोन.

फरक समजून घेण्यासाठी जुना सदरा आणि जुने बनियन हातात घ्यावे. सदऱ्याचा तुकडा उसवला की उभे धागे वेगळे निघतात आणि आडवे वेगळे. उभा तो ताणा, आडवा तो बाणा. एक धागा तुटला तरी बाकीचे आपल्या जागी राहतात. बनियनमध्ये उभे-आडवे असे काही नाही. एकच धागा फासात फास घालीत पुढे गेलेला असतो. म्हणून बनियन ताणले तर ताणते, सोडले तर परत येते. आणि एक फास सुटला की खालपर्यंत जाळी होत जाते. घरची बाई चुकलेला स्वेटर उसवून तीच लोकर पुन्हा वापरते. मागावर चुकलेले कापड असे परत मिळत नाही, ते कमी भावाने विकावे लागते.

धंद्याच्या दृष्टीने याहून मोठा फरक कामाच्या सुरुवातीला आहे. सुयांचे काम पहिल्या टाक्यापासूनच सुरू होते. एक गुंडी, दोन सुया, झाले. मागावर पहिला आडवा धागा टाकण्याआधी निम्मी लढाई झालेली असते. छत्तीस इंच पन्ह्याचे साधे कापड घ्या, इंचाला चाळीस धाग्यांचे. म्हणजे ताण्याचे १,४४० धागे. ते सगळे सारख्या लांबीचे, सारख्या ताणाचे मांडायचे. त्यांना खळ द्यायची, म्हणजे पाजणी करायची. नाहीतर फणीच्या घासण्याने सूत तुटत राहते. आमचे मोमीन कारागीर तिला ‘पाई’ म्हणत, आणि जुने लोक सांगतात की मालेगावात भल्या सकाळी गल्लीभर ताणे पसरून त्यावर कुंचे फिरविले जात. मग तो ताणा रुळावर गुंडाळायचा. मग प्रत्येक धागा वर-खाली करणाऱ्या दोऱ्यांच्या डोळ्यांतून आणि फणीच्या घरातून ओढायचा, १,४४० वेळा. एक धागा चुकला तर थानभर रेघ दिसते. इकडे बाण्याच्या सुताच्या कांड्या भराव्या लागतात. आपल्याकडे ‘नरी भरणे’ म्हणतात ते हेच. धोटा चालविणारा एक, पण त्याच्या मागे घरातील दोघे-तिघे दिवसभर गुंतलेले. म्हणूनच हे काम पिढ्यान्पिढ्या घराण्यांत आणि मोहल्ल्यांत राहिले. साळी, कोष्टी, मोमीन अशा जमातीच्या जमाती त्यात होत्या, कारण एकट्याने पेलण्यासारखे ते नाहीच.

शिलाई मशीन बाईला दिले, ती शिकली, शेजारणीचे ब्लाऊज शिवू लागली, चार पैसे मिळाले. मशीन देणाऱ्याचे काम संपले. माग दिला की देणाऱ्याचे काम सुरू होते. सूत कोण आणणार, रंगविणार कोण, ताणा कोण करणार, तुटलेली फणी कोण बांधणार, तयार माल कोण उचलणार? या साखळीतील एक कडी तुटली की माग उभा राहतो. एका गावात वाटलेले माग मी स्वतः पाहिले आहेत. दुसऱ्या वर्षी त्यांवर घोंगड्या वाळत होत्या आणि एकावर कोंबड्या बसत होत्या. गाव सांगत नाही. लोकांची नियत चांगली होती.

आता पैशाचे बोलू. खालचे आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, वाचकांनी आपल्या गावचे भाव घालून पाहावेत. साध्या मागावर बऱ्यापैकी शिकलेली बाई दिवसाला पाच मीटर साधे कापड काढील. वीस नंबरी सुताचे, वर सांगितलेल्या बांधणीचे कापड मीटरला सुमारे ९० ग्रॅम भरते. सूत किलोला २५० रुपये धरले तर मीटरमागे सुताचे साडेबावीस रुपये. बाईला दिवसाला २५० रुपये तरी मिळावेत ना? त्याहून कमी मिळाले तर ती शेतात मिरच्या तोडायला जाईल, आणि बरोबरच करील. म्हणजे मीटरमागे मजुरीचे पन्नास. ताणा, पाजणी, रंग, तूट, भाडे हे न धरताच साडेबहात्तर रुपये झाले.

हेच कापड यंत्रमागावर पाहा. साधा जुना माग मिनिटाला १२० आडवे धागे टाकतो. इंचाला चाळीस धागे, म्हणजे मिनिटाला तीन इंच. आठ तासांत, थांबण्या-तुटण्याचा वेळ वजा करूनही, तीस मीटरच्या आसपास. एक माणूस असे चार माग सहज सांभाळतो. म्हणजे त्याच्या एका पाळीचे सव्वाशेच्या जवळ मीटर, आणि आपल्या बाईचे पाच. तो माल बाजारात चाळिशीच्या आत पडतो. साडेबहात्तरचे कापड चाळीसच्या शेजारी ठेवून कोण घेईल? फार तर सद्भावनेने पहिल्या वर्षी कमिटीचे सभासद घेतील.

आणि भांडवल? वीस माग, महिन्याला २५ दिवस, म्हणजे अडीच हजार मीटर. सूत सव्वादोनशे किलो, त्याचे छप्पन्न हजार. मजुरी सव्वा लाख. महिन्याला एक लाख ऐंशी हजारांवर गेले. आपल्या धंद्यात माल दिल्यावर साठ-नव्वद दिवसांनी पैसे येतात हे कापडबाजारातील लहान मूलही जाणते. त्यात शिकण्याचा, बिघाडाचा आणि न खपलेल्या मालाचा एक महिना मिळवा. पहिला रुपया परत येण्याआधी सात लाखांहून अधिक रक्कम सुतात आणि मजुरीत अडकलेली असेल. कमिटीच्या अंदाजपत्रकात मागांची किंमत आहे, शेडचे पत्रे आहेत, उद्घाटनाच्या मंडपाचा खर्चही आहे. या सात लाखांची ओळ नाही.

माग स्वस्तात मिळण्याची सोय आहे हे खरे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सुरू केलेल्या हातमाग-साहाय्य योजनेत मागाच्या किमतीचा ९० टक्के भार केंद्राने उचलण्याची तरतूद होती. सुतावर सवलत देणारी योजनाही होती. पण या योजनांचा दरवाजा विणकराच्या ओळखपत्रातून उघडतो. जिथे विणकर आधीपासून आहेत तिथे त्या उपयोगी पडतात. जिथे नाहीत तिथे विणकर तयार करण्याचे काम त्या करीत नाहीत. १९८५ चा हातमागासाठी वस्तू राखून ठेवणारा कायदा आहे. त्यात आधी २२ वस्तू होत्या, पुढे ११ राहिल्या. सतरंजी, लुंगी, टॉवेल, काही प्रकारच्या साड्या त्यात येतात. कायदा कागदावर चांगला आहे. बाजारात ‘हातमाग’ म्हणून काय काय विकले जाते ते व्यापाऱ्यांना ठाऊक आहे, मी अधिक लिहीत नाही.

कमिटीतील एका तरुणाने मला विचारले, “चाचा, देशात लाखो बायका हातमागावर आहेत, मग आपल्याच बायकांना का जमणार नाही?” प्रश्न रास्त आहे. २०१९-२० च्या हातमाग गणनेत सुमारे ३५ लाख कामगार मोजले गेले आणि त्यांत दहांत सात स्त्रिया होत्या. पण त्यांतील फार मोठा भाग आसाम आणि ईशान्येकडील राज्यांत आहे. तिथे घरोघरी माग असतो, मुलगी आईजवळ शिकते, घरातल्यांचे कपडे घरी विणले जातात, उरले तर बाजारात जातात. तिथे साखळी घरातच आहे. आपल्याकडे मागच नवा, तर आईने तरी काय शिकवावे?

तरीही हातमागाचा चांगला प्रकल्प कसा चालतो हे पाहायचे असेल तर फार लांब जाण्याची गरज नाही. शहाद्याहून खेतिया ओलांडले की मध्य प्रदेश. तिथून पुढे नर्मदेकाठी महेश्वर. अहिल्याबाई होळकरांच्या काळात तिथे विणकर वसविले गेले आणि महेश्वरी साडीचे नाव झाले. विसाव्या शतकात हा धंदा उतरणीला लागला होता. १९७९ मध्ये होळकर घराण्यातील रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी ‘रेहवा’ ही संस्था काढली आणि थोड्या स्त्रियांना घेऊन माग चालू केले. पुढे २००० नंतर सॅली होळकर यांच्याच ‘वुमनवीव्ह’ या संस्थेने ‘गुडी मुडी’ नावाने जाड्या खादीचे काम उभे केले : जवळपासचा कापूस, अंबर चरख्यावरचे सूत आणि मागावर स्त्रिया. गावात आपल्या अन्सारी विणकरांची घरेही पुष्कळ आहेत.

मी व्यापारासाठी महेश्वरला गेलो आहे. ते चालले याची कारणे डोळ्यांना दिसतात. ताणा करणारा, रंगविणारा, डिझाइनच्या दोऱ्या बांधणारा हे सगळे कारागीर त्याच गावात होते. धंदा मंदावला होता, हुनर मेला नव्हता. दुसरे, पहिल्या दिवसापासून माल कोणत्या दुकानात आणि कोणत्या शहरात जाणार हे ठरलेले होते. तिसरे, त्यांनी असा माल धरला ज्यात हाताची खूण हीच किंमत असते. महेश्वरी साडीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, साडी उलटी-सुलटी नेसता येते. गिऱ्हाईक त्याचेच पैसे देते. येवल्याच्या पैठणीचेही तसेच. काठ-पदर हाताने भरलेला आहे म्हणून ती हजारांत जाते. साध्या पांढऱ्या कापडाला असे गिऱ्हाईक नाही.

आता नंदुरबारकडे पाहा. एक काळ असा होता की सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारा माल आपल्या भागातून जाई. बुऱ्हाणपूरची तलम मलमल इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, एवढेच काय पोलंडपर्यंत जाते, असे ताव्हर्निए या फ्रेंच व्यापाऱ्याने सतराव्या शतकात लिहून ठेवले आहे. खानदेशातीलच धरणगावला कापडासाठी इंग्रजांनी वखार घातली होती. ते वैभव ऐकायला बरे वाटते, पण त्यातील माग आपल्या गावांत राहिलेले नाहीत. १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा निघालेला आपला जिल्हा कापूस पिकवितो, सरकी काढून गाठी बांधतो, शहाद्याजवळ सूतगिरणीही उभी राहिली. कापड मात्र बाहेरून येते. सुरत रेल्वेने काही तासांवर आहे आणि आपल्या बायकांच्या अंगावरची बहुतेक साडी तिथली, कृत्रिम धाग्याची. मालेगावात १९३० च्या दशकापासून यंत्रमाग येत गेले आणि हातमाग मागे पडला. आज तिथला तरुण अन्सारी यंत्राच्या खटखटीत वाढलेला आहे, हाताने धोटा फेकणारे म्हातारे बोटांवर मोजण्याइतके.

हवेचाही प्रश्न आहे, आणि तो प्रकल्प लिहिणारे कधीच लिहीत नाहीत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो आणि हवा कोरडी ठक्क असते. कोरड्या हवेत सुती धागा पटापट तुटतो. जुन्या लोकांनी खड्ड्याचा माग यासाठीही पसंत केला की ताणा ओलसर जमिनीलगत राहतो. पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी माग लावून भर दुपारी ताणा सांभाळून दाखवावा! आणि खड्ड्याचा माग घ्यावा तर पावसाळ्यात खड्ड्यात पाणी.

तर मग स्वेटरच्या सुया द्याव्यात का? काहींनी ही सूचना केली आहे. खर्च नाही, जागा लागत नाही, मूल रडले की काम बाजूला ठेवता येते, अंधार पडला तरी हात चालतो. घरात राहून काम करणाऱ्या बाईच्या दृष्टीने सुयांचे काम मागापेक्षा शंभरपट सोयीचे, यात शंका नाही. आणि हा हुनर काही केवळ गोऱ्या मॅडमांनी आणलेला नाही. सुयांच्या विणकामाचे सर्वांत जुने ठाऊक असलेले नमुने इजिप्तमधले, अकरावे ते चौदावे शतक या काळातले आहेत. सुती मोजे, निळे-पांढरे, आणि काहींवर कूफी वळणाची अक्षरे. स्पेनमध्ये १२७५ मध्ये वारलेल्या फर्नांदो या राजपुत्राच्या कबरीत सुयांवर विणलेली रेशमी उशी सापडली, तिच्यावर अरबी अक्षरांत ‘बरकत’ हा शब्द आहे. युरोपात सुया अंदलुसच्या मुसलमान कारागिरांच्या हातून गेल्या असे त्यावरून दिसते.

पण बरकत उशीवर राहिली, मजुरीत नाही. इंग्लंडात १५८९ मध्येच विल्यम ली याने मोजे विणण्याचे यंत्र केले आणि तेव्हापासून सुयांच्या हाताला यंत्राशी झुंजावे लागत आहे. मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला पन्नास हजारांच्या आसपास टाके लागतात. मिनिटाला पंचवीस टाके सतत घातले तरी तेहेतीस तास होतात. लोकर दोनशे रुपयांची धरा. नाशिक-धुळ्याकडे थंडीत तिबेटी लोक दुकाने लावतात, तिथे लुधियान्याचा यंत्रावरचा स्वेटर साडेतीनशे-चारशेला मिळतो. म्हणजे बाईच्या हातात तासाला पाच-सहा रुपये. नातवाला विणलेला स्वेटर अनमोल असतो. विकायला काढला की त्याची ही किंमत होते. तिरुपूरमध्ये फासांच्या कापडाचा केवढा संसार उभा आहे ते आपण जाणतो. २०२४-२५ मध्ये त्या एका शहराची निर्यात ४० हजार कोटी रुपयांच्या घरात होती. तिथल्या जुन्या होजिअरी बाजाराला खादरपेठ म्हणतात. पण तो सारा यंत्राचा खेळ आहे.

तर काहीच करू नये असे माझे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. कमिटीला मी दोन कामे सुचविली आहेत, एक घरातले आणि एक शेडमधले.

घरातले काम क्रोशाचे. सुयांचे विणकाम यंत्राने केव्हाच गिळले, क्रोशाचे मात्र गिळता आलेले नाही. आकडीने एकेक फास ओढून पुरा करण्याची ती रीत यंत्राला नीट साधत नाही. बाजारात यंत्राची जी ‘क्रोशा’ लेस मिळते तिची बांधणी वेगळी असते. आपल्या डोक्यावरची जाळीची टोपी घ्या. बांगलादेशात बोगुडा जिल्ह्यातील खेड्यांतल्या स्त्रिया अशा टोप्या घरबसल्या विणतात आणि त्या आखाती देशांत जातात. एक आकडी आणि थोडे सूत एवढेच भांडवल. व्यापारी सूत वाटतो, टोपी उचलतो. मजुरी फार नाही हे आधीच सांगून ठेवतो, आणि मधला माणूस बाईला नाडतो हेही. म्हणून सूत वाटण्याचे आणि टोपी उचलण्याचे काम कमिटीने स्वतः करावे, नगाचा दर भिंतीवर लिहून लावावा. रमजानच्या आधी तीन महिने माल तयार हवा. आपल्या जिल्ह्यातील, धुळ्या-मालेगावातील टोपी-अत्तराची दुकाने धरली तरी पहिल्या वर्षाचा माल खपेल असा माझा अंदाज आहे. केंद्र सरकारच्या २०२३ च्या विश्वकर्मा योजनेतील अठरा धंद्यांत शिंपी आहे, टोपली-चटईवाला आहे, मासेमारीचे जाळे विणणाराही आहे. टोपी विणणारी बाई त्यात नाही. तेव्हा या कामाला सरकारची वाट पाहू नये.

शेडमधले काम चिंध्यांच्या सतरंजीचे. ताणा जाड्या मजबूत सुताचा आणि बाणा म्हणून कापडाच्या लांब पट्ट्या. यात इंचाला आठ-दहाच ताण्याचे धागे लागतात. तीस इंच पन्ह्याला तीनशेच्या आत काम भागते. कुठे १,४४० आणि कुठे हे. पाजणीची कटकट नाही. जाड धागा कोरड्या हवेतही तग धरतो. महिनाभरात बाई शिकते. आणि बाण्याला उत्तम माल कोणता म्हणाल तर बनियन-टीशर्टच्या कारखान्यातली कातरण, कारण ती ताणली की गोल वळते आणि मऊ बसते. तिरुपूरची कातरण गाठोड्याने विकली जाते. आपल्या शिंप्यांकडची सुती कातरणही चालेल, सुरतेची कृत्रिम मात्र घेऊ नये, ती घसरते आणि उन्हात तापते. प्रत्येक सतरंजीचा रंग वेगळा निघतो, हाच तिचा गुण. यंत्रमागवाला त्यात सहसा हात घालीत नाही, कारण तुकड्या-तुकड्यांचा बाणा त्याच्या धोट्याला सोयीचा नाही.

यासाठी वीस नव्हे, तीन माग पुरेत. मालेगावचा एक जुना कारागीर तीन महिने राहून शिकवायला तयार आहे. त्याच्या राहण्या-जेवण्याची सोय आणि ठरलेली मजुरी कमिटीने आगाऊ लिहून द्यावी. उरलेल्या रकमेपैकी मोठा भाग बँकेत सूत-कातरण आणि मजुरीसाठी बाजूला ठेवावा, त्याला शेडच्या रंगरंगोटीसाठी हात लावू नये. शिकताना बाईला रोज मिळाला पाहिजे. फुकट शिकायला फक्त त्या येतात ज्यांना रोजीची गरज नसते, आणि कमिटी ज्यांच्यासाठी हे करीत आहे त्या घरीच राहतात. चौथा माग केव्हा घ्यायचा ते तीन मागांचा सहा महिन्यांचा माल विकून पैसे हातात आल्यावर ठरवावे.

कमिटीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. कातरणीच्या दोन सतरंज्या आणि क्रोशाच्या चार प्रकारच्या टोप्या मी नमुन्यासाठी मागविल्या आहेत. ज्यांना हात लावून पाहायचे असेल त्यांनी बैठकीआधी दुकानी यावे. जुम्म्याला दुपारी दुकान बंद असते.